स्थिर लिनक्सवर कंपायलर अद्ययावत कसा ठेवावा: लॅब, ऑफिस आणि कारखान्यातल्या पीसीसाठी

समजा, सोलापुरातल्या एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस पीसी आहेत आणि सगळ्यांवर उबंटू २२.०४ आहे. एका विद्यार्थ्यानं सी प्लस प्लस २० मधलं ‘एसटीडी फॉरमॅट’ वापरून प्रोग्रॅम लिहिला. कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारं अवजार) म्हणतो, फॉरमॅट नावाची हेडर फाइलच सापडत नाही. यात कंपायलर बिघडलेला नाही. उबंटू २२.०४ चा मूळ कंपायलर जीसीसी ११ आहे आणि ही सोय जीसीसी १३ पासून मिळते. ‘एसटीडी प्रिंट’ हवं असेल तर जीसीसी १४ लागतो.

इथून पुढे बरेच जण एकच वाट धरतात: कुठूनतरी सापडलेली रिपॉझिटरी (पॅकेजांचं भांडार) सोर्सेस लिस्टमध्ये जोडायची आणि ‘ॲप्ट’ या पॅकेज बसवणाऱ्या अवजाराचं ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवायचं. त्या दिवशी प्रोग्रॅम चालतो. पुढच्या आठवड्यात ग्राफिक्स ड्रायव्हरचं मोड्यूल बांधलं जात नाही, किंवा एका पीसीवर बांधलेला प्रोग्रॅम शेजारच्या पीसीवर उघडतच नाही.

स्थिर डिस्ट्रोवर (डेबियन, उबंटूसारख्या तयार लिनक्सवर) ‘कंपायलर अपडेट करणं’ ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी पक्कं करा. आहे त्याच मालिकेतल्या (जीसीसी ११ किंवा १२ ही एकेक मालिका) दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्यायच्या, हे पहिलं काम. नवी मालिका हवी असेल तर ती जुनीच्या शेजारी बसवायची, जुनीच्या जागी नाही, हे दुसरं. मागावर कापड चढलेलं असताना कोणी ताणा बदलत नाही. सिस्टीमच्या मूळ कंपायलरलाही तसाच हात लावायचा नाही.

(लेखातल्या कमांड आणि फाइलनावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन लिपीत, नेहमीच्या आकड्यांत टाइप करायची.)

## आकडा जुना म्हणजे कंपायलर जुना, असं नाही

डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली तेव्हा तिच्यात जीसीसी १२.२ होता आणि शेवटपर्यंत १२.२ च राहणार. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये १४.२ आहे, तोही तसाच राहील. उबंटू थोडी सैल आहे: २२.०४ मध्ये ११.२ चा ११.४ झाला, २४.०४ मध्ये १३.२ चा १३.३ झाला. मालिका मात्र तीच राहिली. जीसीसीची नवी मालिका दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास येते. तिचा पहिला आकडा .१ असतो, आणि .२, .३ हे निव्वळ दुरुस्त्यांचे असतात. म्हणून उबंटूची ही उडी निर्धोक असते.

पॅकेजचा पूर्ण आवृत्ती-क्रमांक वाचायला शिका. ‘१२.२.०-१४+डेब१२यू१’ यात १२.२.० हा मूळ जीसीसीचा आकडा, १४ हा डेबियनचा पॅकेजिंग क्रमांक, आणि ‘डेब१२यू१’ म्हणजे डेबियन १२ बाहेर पडल्यानंतर आलेली पहिली दुरुस्ती. ‘जीसीसी डॅश डॅश व्हर्जन’च्या शेवटी नुसतं १२.२.० दिसतं म्हणून दुरुस्ती आलेली नाही असं धरू नका; कंसातला भाग वाचा. दुरुस्ती नेमकी कशाची होती ते ‘ॲप्ट चेंजलॉग जीसीसी-१२’ दाखवतं. सुरक्षा तपासणीची अवजारं कधीकधी नुसत्या मूळ आकड्यावरून ‘कालबाह्य’ असा शेरा मारतात. त्याला उत्तर म्हणून हा चेंजलॉग पुढे करायचा.

## आधी नोंद, मग हालचाल

कोणतंही पॅकेज बदलण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या पीसीवर पुढच्या गोष्टी पाहून एका फाइलीत लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

पहिलं, ‘ॲप्ट पॉलिसी जीसीसी जीसीसी-१२ लिब-एसटीडीसी++६’. यात बसलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती आणि ती कोणत्या रिपॉझिटरीतून येते हे तिन्ही कळतं. ‘जीसीसी’ हे नुसतं दिशा दाखवणारं पॅकेज आहे. खरा कंपायलर ‘जीसीसी-१२’ किंवा ‘जीसीसी-११’ मध्ये असतो.

दुसरं, ‘एलडीडी डॅश डॅश व्हर्जन’. हा ग्लिबसीचा, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला चालताना लागणाऱ्या सीच्या मूळ लायब्ररीचा, आकडा. डेबियन १२ वर २.३६, डेबियन १३ वर २.४१, उबंटू २२.०४ वर २.३५, २४.०४ वर २.३९, अल्मालिनक्स ८ वर २.२८ आणि ९ वर २.३४. डिस्ट्रोच्या त्या आवृत्तीत हा आकडा आयुष्यभर बदलत नाही, आणि बदलायचाही नसतो.

तिसरं, ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन’. चालू कर्नल कोणत्या जीसीसीनं बांधलं ते इथे लिहिलेलं असतं. ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसनं (कर्नलची मोड्यूल पीसीवरच बांधणाऱ्या अवजारानं) बांधला जात असेल तर हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची.

चौथं, कारखान्यातला किंवा ग्राहकाकडचा सगळ्यात जुना पीसी कोणता. टॉवेलच्या युनिटमध्ये मागाच्या उत्पादनाची नोंद घेणारा एखादा पीसी वर्षानुवर्षं तसाच चालू असतो. तुमचा प्रोग्रॅम तिथे चालायचा असेल, तर तुमच्या टेबलावरच्या नव्या लॅपटॉपला त्यात काही मत नाही.

## त्याच मालिकेतल्या दुरुस्त्या

डेबियन १२ वर सोर्सेसमध्ये तीन ओळी हव्यात: ‘बुकवर्म’, ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ आणि ‘बुकवर्म-अपडेट्स’. उबंटूवर ‘-अपडेट्स’ आणि ‘-सिक्युरिटी’ दोन्ही चालू आहेत याची खात्री करा. उबंटूचं ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ मूळ मांडणीत फक्त सुरक्षा दुरुस्त्या उचलतं. जी दुरुस्ती फक्त ‘-अपडेट्स’मधून येते ती हातानं घ्यावी लागते. ‘आपोआप अपडेट चालू आहे’ असं मानून बसलेल्या लॅबमध्ये कंपायलर मागे राहतो तो याचमुळे.

क्रम असा ठेवा. ‘ॲप्ट अपडेट’, मग ‘ॲप्ट लिस्ट डॅश डॅश अपग्रेडेबल’, मग ‘ॲप्ट डॅश एस अपग्रेड’. ‘डॅश एस’ म्हणजे फक्त सराव. काहीही बसत नाही, पण काय बसेल ते सगळं दिसतं. त्या यादीत ग्लिबसीचा मूळ आकडाच (२.३५ किंवा २.३६ सारखा) बदलताना दिसला, तर तिथेच थांबा. बहुधा अनोळखी रिपॉझिटरी घुसलेली असते. यादी स्वच्छ असेल तर एका पीसीवर ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवा, नेहमीचे प्रोग्रॅम बांधून पाहा, आणि मगच बाकीच्या पीसींवर जा.

उबंटूवर दोन सारख्याच पीसींवर वेगवेगळी यादी दिसली आणि ‘केप्ट बॅक’ असं आलं तर घाबरू नका. उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडते. काही दिवसांत दुसऱ्या पीसीलाही ते मिळतात. जबरदस्तीनं ओढून घेऊ नका.

परीक्षेच्या काळात कंपायलर गोठवावा असं वाटणं रास्त आहे. पण ‘ॲप्ट-मार्क होल्ड जीसीसी-११’ एवढंच केलं तर काम बिघडतं. जीसीसीचं एकच मूळ अनेक पॅकेजांत विभागलेलं असतं (‘सीपीपी-११’, ‘जी++-११’, ‘लिबजीसीसी-११-डेव्ह’, ‘लिब-एसटीडीसी++-११-डेव्ह’, ‘जीसीसी-११-बेस’) आणि ती एकमेकांची तंतोतंत तीच आवृत्ती मागतात. एकाला धरून ठेवलं की बाकीची अडतात आणि ॲप्ट अवलंबित्वाच्या तक्रारी करतं. त्यापेक्षा परीक्षेच्या पंधरवड्यात अपग्रेडच थांबवा आणि प्रात्यक्षिकं संपली की लगेच घ्या. मोठ्या बदलांना दिवाळीची सुट्टी बरी. छोट्यांना जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुट्टीचे दिवसही पुरतात.

चाळीस पीसींनी एकच फाइल चाळीसदा उतरवू नये म्हणून एका पीसीवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. तो ३१४२ या पोर्टवर ऐकतो. बाकीच्या पीसींवर ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’ मध्ये एका ओळीची फाइल टाकून ॲप्टचा एचटीटीपी प्रॉक्सी त्या पीसीकडे वळवा. एचटीटीपीएसवरून येणाऱ्या रिपॉझिटरी मात्र यात साठत नाहीत.

विजेचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली तर पॅकेजं उतरलेली पण मांडणी न झालेली अशी राहतात. पीसी सुरू झाल्यावर आधी ‘डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’, मग ‘ॲप्ट डॅश एफ इन्स्टॉल’. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. लॅबचे सगळे पीसी यूपीएसवर नसतात, म्हणून चाळीसच्या चाळीस एकदम सुरू करण्यापेक्षा सात-आठच्या तुकड्या करा.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. कंपायलरमधली दुरुस्ती आधीच बांधलेल्या प्रोग्रॅमला लागू होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सीव्हीई-२०२३-४०३९’ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली: ६४-बिट आर्म प्रोसेसरवर जीसीसीचं स्टॅक-रक्षण चालताना आकार ठरणाऱ्या ॲरेंना नीट संरक्षण देत नव्हतं. आर्म बोर्डवर चालणारा प्रोग्रॅम तुम्ही कारखान्यात बसवला असेल, तर असा कंपायलर दुरुस्त करून भागत नाही. प्रोग्रॅम पुन्हा बांधून पुन्हा बसवावा लागतो. नोंदवहीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे ‘कोणत्या जीसीसीनं बांधला’ हा रकाना ठेवा तो यासाठी.

## नवी मालिका शेजारी बसवणं

आधी स्वतःच्या डिस्ट्रोच्या भांडारात पाहा. उबंटू २२.०४ मध्ये जीसीसी १२ आणि २४.०४ मध्ये जीसीसी १४ अधिकृत भांडारातच आहेत. ‘ॲप्ट इन्स्टॉल जी++-१२’ पुरतं. हा सगळ्यात सुरक्षित मार्ग, आणि त्यामागे ठोस कारण आहे. २२.०४ वरची ‘लिब-एसटीडीसी++६’ ही चालताना लागणारी लायब्ररी मुळातच जीसीसी १२ च्या सोर्समधून येते. त्यामुळे जीसीसी १२ नं बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कोणत्याही २२.०४ वर, तिथे जीसीसी १२ नसला तरी, चालतो.

उबंटू २२.०४ वर जीसीसी १३ हवा तर ‘उबंटू-टूलचेन-आर/टेस्ट’ हे पीपीए (उबंटूच्या अधिकृत भांडाराबाहेरचं भांडार) सर्वांच्या ओळखीचं आहे. त्याची किंमत समजून घ्या. जीसीसी १३ चं डेव्ह पॅकेज नवी ‘लिब-एसटीडीसी++६’ मागतं, म्हणून संपूर्ण सिस्टीमची लायब्ररी बदलते. जुने प्रोग्रॅम त्यावर चालतात, कारण ही लायब्ररी मागच्या आवृत्त्यांशी सुसंगत राहते. पण त्या पीसीवर बांधलेला नवा प्रोग्रॅम पीपीए नसलेल्या पीसीवर नेला की ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ नॉट फाउंड’ अशी चूक येते. चाळीसपैकी पाच पीसींवर पीपीए आणि बाकीच्यांवर नाही, ही सगळ्यात वाईट स्थिती. जोडायचं तर सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही. आणि नको झालं तर नुसती सोर्सची फाइल पुसू नका; ‘पीपीए-पर्ज’ वापरा, म्हणजे बदललेली पॅकेजं मूळ आवृत्तीवर परत येतात.

डेबियन १२ वर जीसीसी १३ ना स्थिर भांडारात आहे ना बॅकपोर्ट्समध्ये (नवी पॅकेजं जुन्या आवृत्तीसाठी देणाऱ्या भांडारात). इथेच लोक टेस्टिंगची, म्हणजे अजून तयार होत असलेल्या पुढच्या डेबियनची, ओळ जोडतात. तसं करू नका. टेस्टिंगमधला कंपायलर टेस्टिंगची ग्लिबसी ओढतो, आणि ग्लिबसी वर गेली की परत खाली आणायचा सरळ मार्ग नाही. डेबियन १२ वर खरे पर्याय तीन: कंटेनर, सोर्समधून बांधणी, किंवा डेबियन १३ वर जाणं.

कंटेनर म्हणजे सिस्टीमला हात न लावता तिच्या आत चालणारी वेगळी छोटी सिस्टीम. त्यासाठी पॉडमॅन पुरतं; त्याला रूट अधिकारही लागत नाहीत. ‘जीसीसी:१४’ ही इमेज घ्या, चालू फोल्डर आत जोडा, आत बांधा, बाहेर या. मात्र इमेज कोणत्या डेबियनवर उभी आहे ते पाहा, कारण प्रोग्रॅमला लागणारी ग्लिबसी तिच्याकडूनच ठरते, आणि सी प्लस प्लसची लायब्ररीही इमेजमधली नवी असते. बाहेरच्या जुन्या सिस्टीमवर चालवायचं तर बांधताना ‘-स्टॅटिक-लिब-एसटीडीसी++’ आणि ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ जोडावं लागतं, म्हणजे त्या लायब्ररी प्रोग्रॅमच्या आतच जातात.

क्लँग हा दुसरा कंपायलर हवा असेल तर तो बनवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पाची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी आहे. तिची पॅकेजं ‘क्लँग-१९’ अशी आकडा लावलेली असल्यानं सिस्टीमच्या क्लँगला धक्का लागत नाही. तिची किल्ली ‘/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’ मध्ये ठेवा आणि सोर्सच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ती किल्ली त्याच रिपॉझिटरीपुरती बांधा. ‘ॲप्ट-की’ची जुनी पद्धत सोडून द्या, तीत बाहेरची किल्ली सगळ्या भांडारांना लागू होते.

क्लँगचे दोन खड्डे ठरलेले आहेत. पहिला: लिनक्सवर क्लँग सी प्लस प्लसची लायब्ररी जीसीसीचीच वापरतो. म्हणून २२.०४ वर क्लँग १९ बसवला तरी ‘एसटीडी फॉरमॅट’ मिळत नाही. हेडर जुन्याच आहेत. ‘लिबसी++-१९-डेव्ह’ बसवून ‘-एसटीडीलिब=लिबसी++’ द्यावं लागतं. दुसरा: क्लँग सिस्टीमवर सापडेल तो सगळ्यात नवा जीसीसी निवडतो. २२.०४ वर एखाद्या पॅकेजनं ‘जीसीसी-१२’ ओढून आणला पण ‘लिब-एसटीडीसी++-१२-डेव्ह’ आणलं नाही, की क्लँगला ‘आयओस्ट्रीम’ सापडेनासं होतं. काल चालत होतं, आज नाही, आणि क्लँगला तर कोणी हातही लावलेला नाही. उपाय एका ओळीचा: ‘ॲप्ट इन्स्टॉल लिब-एसटीडीसी++-१२-डेव्ह’.

## नवा कंपायलर वापरायचा कसा

‘/यूएसआर/बिन/जीसीसी’ ही लिंक बदलू नका. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरूनही नाही. डेबियन आणि उबंटूवर ती लिंक ‘जीसीसी’ पॅकेजच्या मालकीची आहे. तुम्ही बदललेली लिंक पुढच्या अपग्रेडला पॅकेज पुन्हा लिहू शकतं. त्याहून मोठा धोका कर्नल मोड्यूलचा. उबंटू २२.०४ चं ६.५ एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी नंतर दिलेलं) कर्नल जीसीसी १२ नं बांधलेलं होतं आणि सिस्टीमचा ‘जीसीसी’ मात्र ११ होता. त्यामुळे डीकेएमएसनं ड्रायव्हर बांधायला घेतला की ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झीरो’ हा पर्याय ओळखीचा नाही असं म्हणून तो कोसळायचा, कारण हा पर्याय जीसीसी १२ पासूनचा. तिथे उपाय ‘जीसीसी-१२’ बसवण्याचा होता. डीकेएमएस अडला की म्हणूनच ‘/प्रॉक/व्हर्जन’ आधी पाहायचं आणि तीच मालिका पीसीवर आहे का ते तपासायचं.

प्रकल्पापुरता कंपायलर निवडायचा तर ‘सीसी’ आणि ‘सीएक्सएक्स’ हे दोन पर्यावरण-चल त्या बांधणीपुरते द्या: ‘सीसी=जीसीसी-१२’, ‘सीएक्सएक्स=जी++-१२’. दोन्ही द्या, एकच दिला तर सीच्या फाइली एका मालिकेनं आणि सी प्लस प्लसच्या दुसरीनं बांधल्या जातात. सीमेक असेल तर बिल्ड फोल्डर नवं घ्या, कारण सीमेक कंपायलरचा पत्ता पहिल्यांदाच कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि नंतरचे बदल मानत नाही. सीमेक ३.२४ पासून ‘डॅश डॅश फ्रेश’ आहे. डेबियन १२ वर तो मिळतो, उबंटू २२.०४ च्या ३.२२ वर नाही.

## रेड हॅट घराण्यात

अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे, आणि जुन्या सर्व्हरवर नवा सी प्लस प्लस हवा असेल तर हाच मार्ग उत्तम. ‘डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी-टूलसेट-१३’ (डीएनएफ म्हणजे तिथलं ॲप्ट), मग ‘एससीएल एनेबल जीसीसी-टूलसेट-१३ बॅश’. त्या शेलपुरता जीसीसी १३ मिळतो. शेल बंद केला की सिस्टीमचा मूळ कंपायलर परत. सगळं ‘/ऑप्ट/आरएच’ खाली असतं. स्क्रिप्टमध्ये ‘सोर्स /ऑप्ट/आरएच/जीसीसी-टूलसेट-१३/एनेबल’ लिहा. मात्र ती ओळ सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये टाकू नका.

यातली खुबी अशी की सी प्लस प्लसच्या लायब्ररीतला जो भाग सिस्टीमच्या जुन्या लायब्ररीत नाही, तेवढाच प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक जोडला जातो आणि बाकीचा सिस्टीमकडूनच घेतला जातो. त्यामुळे अल्मालिनक्स ८ वर टूलसेट १३ नं बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कोऱ्या अल्मालिनक्स ८ वर चालतो. एक अट पाळा: वेगवेगळ्या टूलसेटनी बांधलेल्या फाइली एकत्र जोडायच्या तर जोडणी सगळ्यात नव्या टूलसेटनं करा. प्रत्येक टूलसेटला साधारण दोन वर्षंच दुरुस्त्या मिळतात, म्हणून एकदा बसवला आणि विसरला असं चालत नाही.

## दुसऱ्या पीसीवर नेण्यापूर्वी

प्रोग्रॅम तयार झाला की ‘ऑब्जडंप डॅश टी’ (मोठा टी) चालवून त्यातून ‘जीएलआयबीसी’ असलेल्या ओळी गाळून घ्या. त्यात ‘जीएलआयबीसी’ (ग्लिबसी) आणि ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ (सी प्लस प्लसची लायब्ररी) यांचा प्रत्येकी सगळ्यात मोठा आकडा म्हणजे प्रोग्रॅमची किमान गरज. जीएलआयबीसीएक्सएक्सचे आकडे असे जुळतात: जीसीसी ११ म्हणजे ३.४.२९, १२ म्हणजे ३.४.३०, १३.१ म्हणजे ३.४.३१, १३.२ म्हणजे ३.४.३२, आणि १४ म्हणजे ३.४.३३.

ग्लिबसीच्या दोन पायऱ्या लक्षात ठेवा. २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनचीच नवी आवृत्ती आली, त्यामुळे उबंटू २२.०४ वर बांधलेला अगदी ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा अल्मालिनक्स ८ वर चालत नाही. २.३८ मध्ये मजकुराचे आकडे करणाऱ्या ‘एसटीआरटूएल’ घराण्याची नवी रूपं आली. उबंटू २४.०४ वर ‘एसटीडी एसटीओआय’ वापरून बांधलेला प्रोग्रॅम डेबियन १२ वर ‘जीएलआयबीसी_२.३८’ मागत अडतो तो यामुळे.

सी प्लस प्लसची लायब्ररी स्टॅटिक करता येते. ग्लिबसी मात्र स्टॅटिक करू नका. नावावरून आयपी शोधणं आणि वापरकर्त्यांची माहिती काढणं ही कामं ती चालताना बाहेरच्या मोड्यूलकडून करून घेते आणि दुसऱ्या पीसीवर ती नेमकी तिथेच फसते. खात्रीचा उपाय साधा आहे: ज्या सगळ्यात जुन्या सिस्टीमवर प्रोग्रॅम चालायचा आहे, तिच्याच कंटेनरमध्ये तो बांधा.

## मालिका बदलली की कोड कुठे अडतो

जीसीसी १० पासून एकाच नावाचं ग्लोबल व्हेरिएबल दोन सी फाइलींत नुसतं घोषित केलं तर लिंकर अडवतो. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहा. ११ पासून सी प्लस प्लस १७ हे मूळ मानक झालं. १३ वर ‘यूइंट३२_टी’ ओळखीचं नाही अशा चुकांचा पूर येतो, कारण आधी दुसऱ्या हेडरमागून आपोआप येणारं ‘सीएसटीडीइंट’ आता येत नाही. ते स्वतः जोडा.

१४ ची पायरी कॉलेजांना सगळ्यात जड जाते. हेडर न जोडता ‘मॅलॉक’ किंवा ‘प्रिंटएफ’ वापरणं, प्रकार न लिहिता फंक्शन लिहिणं, विसंगत पॉइंटर एकमेकांना देणं, या आजवर नुसत्या सूचना होत्या. आता सीमध्ये त्या चुका आहेत. लॅब मॅन्युअलमधले जुने प्रोग्रॅम यात धडाधड पडतात. ‘-डब्ल्यूनो-एरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लेरेशन’ देऊन वेळ मारून नेता येते, पण मॅन्युअलच दुरुस्त करा; हेडर न जोडता वापरलेलं, पॉइंटर परत देणारं फंक्शन ६४-बिट सिस्टीमवर तो पॉइंटर कापू शकतं, म्हणजे कंपायलरचं म्हणणं खरं आहे. १५ मध्ये सीचं मूळ मानक सी२३ झालं: ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे राखीव शब्द झाले आणि रिकामा कंस म्हणजे ‘काहीही घेत नाही’ असा अर्थ झाला. जुन्या कोडला ‘-एसटीडी=जीएनयू१७’ द्या.

‘-डब्ल्यूएरर’ (प्रत्येक सूचनेला चूक मानणारा पर्याय) लावलेला प्रकल्प जवळपास प्रत्येक नव्या मालिकेवर अडतो. तो पर्याय स्वतःच्या तपासणीपुरता ठेवा, ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्ड फाइलीत नाही.

## रस्ट आणि गो

या दोन भाषांची गोष्ट लवकर आटपते. रस्टची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते आणि डेबियन १२ मध्ये १.६३ आहे. फायरफॉक्सला नवा रस्ट लागतो म्हणून डेबियन स्थिर आवृत्तीत ब्राउझर बांधण्यापुरतं वेगळं रस्ट पॅकेज आणते. ते तुमच्या कामासाठी नाही. तुम्ही ‘रस्टअप’ घ्या; ते घर-फोल्डरमध्येच बसतं. लॅबमध्ये जागेची मर्यादा असेल तर ‘मिनिमल’ प्रोफाइल निवडा आणि प्रकल्पात ‘रस्ट-टूलचेन.टॉमल’ ठेवून आवृत्ती पक्की करा. गो १.२१ पासून प्रकल्पानं मागितलेली नवी आवृत्ती स्वतःच उतरवून घेतो. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये तो तिथेच अडतो; ‘गोटूलचेन=लोकल’ ठेवा, म्हणजे तो उतरवायला जात नाही, पण प्रकल्पानंही पीसीवरच्या आवृत्तीहून नवी आवृत्ती मागता कामा नये.

## काहीच जमलं नाही तर सोर्समधून

जीसीसीची टारफाइल आणि तिची सही दोन्ही उतरवून सही तपासा. सिस्टीमवर ‘जी++’, ‘मेक’ आणि ‘एम४’ हवेत. सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स’ चालवा. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी आपोआप येतात. बांधणी सोर्सच्या फोल्डरमध्ये करू नका; शेजारी रिकामं फोल्डर घेऊन तिथून ‘कॉन्फिगर’ बोलवा. पर्याय चारच पुरतात: ‘प्रीफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४’, ‘प्रोग्रॅम-सफिक्स=-१४’, ‘एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++’ आणि ‘डिसेबल-मल्टिलिब’. शेवटचा विसरला तर ३२-बिट लायब्ररी नाहीत म्हणून तो सुरुवातीलाच थांबतो. ‘लायब्ररी_पाथ’मध्ये चालू फोल्डर नसावं अशी चूक आली तर त्या चलाच्या शेवटी लटकणारा कोलन शोधा.

दहा जीबी मोकळी जागा ठेवा. जीसीसी स्वतःला तीन फेऱ्यांत बांधतो, त्यामुळे चार कोअरच्या पीसीवर तास-दोन तास धरा. आठ जीबी मेमरी असेल तर ‘मेक -जे४’ पुरे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. एसी नसलेल्या खोलीत दुपारी ही बांधणी लावली तर प्रोसेसर गरम होऊन वेग उतरवू शकतो आणि वेळ वाढतो. रात्री लावा, यूपीएसवर लावा, आणि अशा दिवसांत ‘जे४’ ऐवजी ‘जे२’ ठेवा. मधेच ‘इंटर्नल कंपायलर एरर’ येऊन थांबलं, आणि पुन्हा ‘मेक’ दिल्यावर दुसऱ्याच फाइलीवर थांबलं, तर दोष जीसीसीचा नाही. मेमरी अपुरी आहे की रॅम खराब आहे ते पाहा.

बसवून झाल्यावर ‘/ऑप्ट/जीसीसी-१४/लिब६४’ सिस्टीमच्या ‘एलडीकॉन्फिग’मध्ये टाकू नका, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्येही कायमचं नाही. प्रोग्रॅम जोडताना ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ’ देऊन तो पत्ता त्याच प्रोग्रॅमपुरता लिहा, किंवा लायब्ररी स्टॅटिक करा. या कंपायलरला ॲप्टकडून कधीच दुरुस्ती येणार नाही. १४ च्या पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीची दखल घेऊन तो पुन्हा बांधणं तुमच्याकडेच राहतं. म्हणून नोंदीच्या फाइलीत पीसीचं नाव, मालिका आणि बांधल्याची तारीख लिहा, आणि डिस्ट्रोची पुढची आवृत्ती बसवली की ‘/ऑप्ट/जीसीसी-१४’ हे फोल्डर आधी नुसतं दुसऱ्या नावानं ठेवून पाहा. आठवडाभर कुठलाही प्रोग्रॅम अडला नाही, तर ते पुसून टाका.